रंग वाळेपर्यंत

आमच्या घरात सगळ्यात भित्रा माणूस कोण, असं कुणी विचारलं तर मी बाबांकडे बोट दाखवीन. बाहेर हे बोलायची सोय नाही. बाबांनी लढाई पाहिलेली आहे, एक पदक कपाटात आहे, आणि त्र्याऐंशी वर्षं झाली तरी माणूस ताठ चालतो. अख्खं गाव त्यांना फौजी काका म्हणतं. पण घरातलं कुणी गाडी घेऊन निघालं की हा फौजी हातात लांब पाना घेऊन गाडीभोवती फिरायला लागायचा. चार चाकं, प्रत्येकाचे पाच नट. कुणी लग्नाला निघो नाहीतर मयताला, वीसच्या वीस नट तपासून झाल्याशिवाय गाडी हलायची नाही. यापायी माझ्या भावाची एक परीक्षा बुडता बुडता वाचली. आई म्हणायची, "अहो, गाडी धड पोचेल, पण आतली माणसं तोवर म्हातारी होतील."

याचं कारण मला कळलं ते मी अठ्ठावीस वर्षांची झाल्यावर. सहा महिन्यांची लेक काखोटीला मारून मी सासर सोडून कायमची परत आले होते आणि दिवसभर अंथरुणात पडून असायचे. आठव्या दिवशी बाबांनी माझ्या हातात पाना दिला. म्हणाले, "रडायचं तर रड, पण हात रिकामे ठेवू नकोस." त्या दिवसापासून मी गॅरेजात आहे. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला ते सांगितलं, आणि नंतर पुन्हा कधी विषय काढला नाही.

लढाई डोंगरात चालली होती. बाबा तेव्हा तेवीस वर्षांचे, ट्रकांचे मेकॅनिक. दिवसाला बारा-चौदा ट्रक ठीक करून पुढे पाठवायचे. त्यातल्या एका ट्रकचं पुढचं चाक उतारावर निखळलं. आत अकरा जण होते, त्यातला एकही वाचला नाही. "त्या चाकाचे नट मी हाताने फिरवून बसवले, एवढं पक्कं आठवतं," बाबा म्हणाले. "मग कुणीतरी हाक मारली. पान्याने आवळून उठलो की तसाच उठलो, ते काही केल्या आठवत नाही." चौकशी झाली, पण रस्ता खराब होता म्हणून सगळं मिटलं. बाबांना कुणी काही विचारलं नाही.

तेव्हापासून ते आवळलेल्या प्रत्येक नटावर ब्रशने पिवळा ठिपका देतात. ठिपका म्हणजे हा नट फौजीने स्वतः, लांब पान्याने, पूर्ण आवळलाय. आमच्या गॅरेजात ठिपक्याच्या नटाला दुसऱ्याने पाना लावायचा नाही, तो त्यांचा अपमान. गिऱ्हाइकंही गाडी नेताना नट बघायची नाहीत, ठिपका बघायची.

तसे बाबा कडक नाहीत. मी दुसरीत असताना आई तीन महिने दवाखान्यात होती, तेव्हा ते रोज सकाळी माझी वेणी घालायचे. इतकी करकचून, की वर्गात मला डोळे मिटता यायचे नाहीत. दोघा भावंडांचे डबे, दप्तरं, ताप, पालकसभा, सगळं त्यांनी केलं. गॅरेज सहाला बंद म्हणजे बंद. अडलेलं गिऱ्हाईक बाहेर उभं असलं तरी "घरी पोरं वाट बघतायत" म्हणून शटर ओढायचे. पुढे माझ्या लेकीला सायकल त्यांनीच शिकवली. सीट धरून मागे पळताना वयाची पासष्टी उलटली होती. ती पडेल या भीतीने त्यांनी सायकल अशी काही धरली होती, की पहिले चार दिवस ती पुढेच जाईना.

आता मुद्द्याचं सांगते. सोमवार होता. लेक आईला घेऊन मावशीकडे निघाली होती. मावशीचं घर डोंगरापलीकडे, दोन तासांचा रस्ता. माझी लेक आता सव्वीस वर्षांची आहे, दवाखान्यात नर्स आहे, आणि गाडीत गाणी इतकी मोठ्याने लावते की शेजारच्या माणसाने शिंक दिली तरी कळू नये. घरच्या गाडीची पुढची चाकं काढून बाबांनी रविवारी सकाळीच ब्रेक केले होते. घरच्या गाडीला ते मला हातसुद्धा लावू देत नाहीत.

गेल्या वर्षापासून बाबांचे गुडघे गेले होते. वीस वेळा उकिडवं बसणं त्यांना जमेना. त्यामुळे निघायच्या वेळची ती फेरी बंद झाली होती आणि खरं सांगते, आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला होता. "काल सगळं केलंय, ठिपके बघ," ते मला म्हणाले. मी वाकून बघितलं. पुढच्या दोन चाकांवर दहा ठिपके, नाणं ठेवून काढल्यासारखे गोल. मी त्यांना म्हटलंसुद्धा, "वा बाबा, हात सुधारला की तुमचा!" ते लाजल्यासारखे हसले. नऊ वाजता गाडी गेली.

पावणेदहाला बेकरीवाला आला. त्याची व्हॅन बाबांनी शनिवारी केली होती. "ताई, पुढून थरथरतेय," तो म्हणाला. मी म्हटलं, टायर असेल. खाली बसले. उजव्या चाकावर पाच ठिपके होते, गोल, स्वच्छ. मी चाकाला हात टेकून उठत होते, तेवढ्यात अंगठा एका नटाला लागला आणि नट हलला. मी तो दोन बोटांत धरला. बाटलीचं झाकण फिरावं तसा फिरला.

शेजारचा फिरवला, तोही फिरला. पाचातले तीन बोटांनी फिरले. बेकरीवाला वरून मला त्याच्या मेव्हण्याच्या नव्या गाडीची हकिकत सांगत होता. मी एक नट काढून मुठीत घेतला आणि त्याला म्हटलं, "तुम्ही बाकावर बसा. गाडीला हात लावू नका."

बाबा मागे स्टुलावर बसून तारेच्या ब्रशने प्लग घासत होते.

"बाबा, बेकरीवाल्याच्या व्हॅनचे नट आवळले होते?"

मी त्यांना पॅन्ट घातली का असं विचारल्यासारखं त्यांनी माझ्याकडे बघितलं. "ठिपका नाही का?"

"ठिपका आहे. नट ढिले आहेत."

"चेष्टा पुरे. काम कर."

मी नट त्यांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी तो उलटा केला, सुलटा केला, ठिपक्यावर नख फिरवलं.

"रंग वाळला की आवळतो मी," ते म्हणाले.

"म्हणजे? ठिपका आधी देता?"

"आवळून झालं की हात थरथरतो गं. ठिपका फरफटतो. तू म्हणाली होतीस ना. म्हणून आता हात ताजा असतो तेव्हाच ठिपके देऊन घेतो. मग रंग वाळेपर्यंत थांबायचं, नाहीतर पान्याने पुसतो. वाळला की आवळायचं."

मी म्हणाले होते. अडीच महिन्यांपूर्वी, चार गिऱ्हाइकांसमोर. "बाबा, हा ठिपका आहे की अंडं फुटलंय?" सगळे हसले होते, बाबाही हसले होते. माझ्या जिभेला हाड नाही हे आई मला लहानपणापासून सांगत आलीय. साठ वर्षं जो माणूस आधी आवळून मग ठिपका द्यायचा, त्याने माझ्या एका टोमण्यापायी क्रम उलटा केला होता. आणि मी गोल ठिपके बघून शाबासकी देत होते.

"वाळेपर्यंत तुम्ही काय करता, बाबा?"

"काय करणार? पाणी पितो. बसतो. कधी दुसरं काम निघतं..." इथे ते थांबले. "घरची गाडी," ते म्हणाले.

मी ते नाव तोंडातून काढलं नव्हतं. काढायचा धीर नव्हता.

"काल घरच्या गाडीचे आवळलेत ना?" मी विचारलं. "बाबा, आठवा."

"ठिपके दिले. दोन्ही चाकांना. मग तुझी आई जेवायला बोलवायला आली."

"आणि मग?"

ते स्वतःच्या हाताकडे बघत राहिले. "आठवत नाही," म्हणाले.

मी लेकीला फोन लावला. वाजत राहिला. गाडी चालवताना फोन डिकीत टाकायचा, हा बाबांचाच नियम, आणि सगळ्या नियमांपैकी नेमका हाच ती पाळते. आईचा फोन बंद होता. आई बॅटरी वाचवते. कुठल्या दिवसासाठी वाचवते, देव जाणे.

बेकरीवाल्याला तिथेच ठेवून मी गॅरेजची जुनी पिकअप काढली. तिची चाकं मीच करते, पण तरी लांब पाना घेऊन वीसच्या वीस नट बघितले. पाना दोनदा हातातून पडला. बाबा बॉनेटला धरून उभे होते, घाई कर असं एकदाही म्हणाले नाहीत. झाल्यावर पाना आत टाकून शेजारी बसले.

गावाबाहेर पडेपर्यंत मी कसाबसा दम धरला. मग राहवलं नाही. भीतीचा राग व्हायला वेळ लागत नाही, निदान मला तरी लागत नाही. "जन्मभर आम्हाला नटांची धास्ती घातलीत," मी म्हटलं, "आणि स्वतःच्या बायकोला, नातीला ढिल्या चाकांवर बसवून पाठवलंत!" ते समोरच्या रस्त्याकडे बघत राहिले. निदान उलट ओरडायचं तरी. मला लगेच लाज वाटली, पण शब्द गेला तो गेला.

मग ते म्हणाले, "चाक एकदम निखळत नाही. आधी थरथर येते, मग खडखड होते. हाताला कळतं. पोरीला कळेल."

"तिची गाणी चालू असतील."

"असतील," ते म्हणाले. डावा हात त्यांनी दाराच्या कडीवर असा आवळला होता, की बोटं पांढरी पडली होती.

डोंगर चढायच्या आधी पेट्रोल पंप आहे. आई तिथे उतरल्याशिवाय पुढे जात नाही, तिचा स्वतःवर भरवसा नाही. पंपावरच्या बाईला मी खिडकीतूनच ओरडून विचारलं. "पांढरी गाडी? आजीबाई होत्या ना?" ती म्हणाली. "जाऊन वीस मिनिटं तरी झाली." मी वीस मिनिटांत गाडी किती चढते याचा हिशोब करायला लागले आणि मध्येच सोडून दिला. चढ संपला की उतार होता. उतारावर ब्रेक दाबले की सगळा भार पुढच्या चाकांवर येतो, हे मला बाबांनीच शिकवलंय.

प्रत्येक वळणावर मी रस्त्याच्या आधी कठडा बघत होते, कुठे फुटलाय का. बाबांनी डोळे मिटून घेतले होते. एका ठिकाणी रस्त्यावर टायर घासल्याचे लांब काळे पट्टे दिसले आणि माझ्या तोंडून "आई गं" निघालं. त्यांनी डोळे न उघडता विचारलं, "काय दिसलं?" मी म्हटलं, जुने आहेत. जुने आहेत की नवे, मला माहीत नव्हतं. क्लच दाबायला दोनदा प्रयत्न करावा लागला.

माथ्यावर, उतार सुरू व्हायच्या जरा अलीकडे, पांढरी गाडी झाडाखाली उभी होती. आई कठड्यावर बसून बिस्किटं खात होती. लेक कॅमेऱ्याने दरीचे फोटो काढत होती.

मी पिकअपमधून उतरले. आई पुडा हातात धरून उठली. "काय झालं? कोण गेलं?"

मी पाना घेऊन सरळ चाकाशी बसले. डावं चाक. पहिला नट घट्ट. दुसरा, तिसरा, चौथा, पाचवा. उजवीकडे गेले. तिथलेही पाच घट्ट, पाना तसूभर हलेना. मी तिथेच रस्त्यावर मांडी घातली आणि मोठ्याने रडले, सव्वीस वर्षांच्या पोरीसमोर. "आवळलेत, बाबा! सगळे आवळलेत तुम्ही!"

बाबांचा चेहरा उजळला. गुडघ्यांची पर्वा न करता ते खाली बसले, एकेका नटावरून बोट फिरवत गेले. उजव्या चाकाशी त्यांचं बोट थांबलं.

"हे मी केलेलं नाही," ते म्हणाले.

"बाबा, आता पुरे."

"हा बघ. कडेला केसभर रंग पुसलाय. ओला असताना पाना लागलाय याला. मी वाळल्याशिवाय पाना लावत नाही." त्यांनी मान वर केली. माझ्याकडे नाही, आईकडे.

आईने हातातलं बिस्किट पुड्यात परत ठेवलं.

"मी आवळले," ती म्हणाली. "काल जेवायला बोलवायला आले तर ठिपके ओले आणि पाना खुंटीवर. तुम्ही हात धुवायला गेलात, तेवढ्यात पाना लावून त्याच्यावर उभी राहिले. जन्मभर माझ्या वजनाला नावं ठेवलीत, एकदाचं कामाला आलं."

कुणी हसलं नाही.

"किती दिवस चाललंय हे?" बाबांनी विचारलं.

"दोनेक महिने झाले असतील."

"आणि मला सांगितलं नाहीस?" मी ओरडले.

"तुला सांगितलं असतं तर तू यांच्या हातातून पाना काढून घेतला असतास."

"घेतलाच असता!"

"मग यांनी दिवसभर काय करायचं होतं, ते सांग की." आईचा आवाज चढला आणि लगेच खाली आला. "दुपारी मी डबा घेऊन येते, तेव्हा जी गाडी उभी असेल तिचे नट मी बघते. संध्याकाळच्या गाड्या काही मला..." आपण काय बोलून बसलो हे तिला तेव्हाच उमगलं असावं. तिने तोंडावर पदर धरला.

"बेकरीवाला संध्याकाळी आला होता," बाबा म्हणाले. ते चाकाला धरून उठायला लागले; लेक धरायला गेली, तर त्यांनी तिचा हात बाजूला केला. "गाड्या वळवा."

गॅरेजात येऊन मी कामाची वही काढली. अडीच महिन्यांत बाबांनी तेवीस गाड्यांची चाकं काढली होती. मी फोन करते म्हटलं, तर बाबांनी ऐकलं नाही. आई नंबर वाचत होती, बाबा बोलत होते. लेक आणि मी पाना घेऊन निघायच्या तयारीत होतो, त्यामुळे पहिले चार-पाच फोन मी ऐकले.

"मी फौजी बोलतोय. तुमच्या चाकांचे नट मी आवळलेले नसतील. गाडी जागेवरून हलवू नका, माझी मुलगी येऊन बघेल."

सुतार म्हणाला, "काका, ठिपके आहेत की!"

"ठिपक्यांवर जाऊ नका."

"तुमच्या ठिपक्यावर नाही जायचं तर कशावर जायचं मग?" सुतार हसायला लागला. त्याला चेष्टा वाटली. फुलवाली म्हणाली, रविवारी आणते. डॉक्टरीणबाईंनी बाबांनाच विचारलं, तुमची तब्येत बरी आहे ना? जन्मभर माणसाने मिळवलेला विश्वास हा असा, हाताने खेचून काढावा लागत होता आणि तो निघत नव्हता. शेवटी बाबा सरळ विनवायला लागले. "पाया पडतो तुमच्या, गाडी काढू नका," असं ते फुलवालीला म्हणाले. बाबांनी कुणाला असं म्हटलेलं मी कधी ऐकलं नव्हतं.

दुपारी साडेतीनपर्यंत आम्ही बेकरीवाल्याच्या व्हॅनसकट बावीस गाड्या बघितल्या. एकोणीस ठीक होत्या. तिघांचे नट ढिले निघाले. डॉक्टरीणबाईंची गाडी त्यातलीच, आणि त्या ठिपके दाखवूनच मला परत पाठवत होत्या. परत आले तर बाबा फोनपाशी तसेच बसलेले.

"लांबू उचलत नाही," ते म्हणाले.

लांबू पॅकिंगच्या कारखान्यातल्या बायकांना ने-आण करतो. चारला पाळी सुटते. त्याच्या गाडीच्या मागच्या ब्रेकचं काम बाबांनी आठ दिवसांपूर्वी, संध्याकाळी केलं होतं. मी म्हटलं, तुम्ही बसा, मी जाते. ते माझ्या आधी पिकअपमध्ये जाऊन बसले होते.

कारखान्याच्या फाटकाशी पोचलो तेव्हा व्हॅन सुरू होती. नऊ बायका आत बसल्या होत्या, लांबूने हॉर्न देऊन पहारेकऱ्याला फाटक उघडायला लावलं होतं. पिकअप पुरती थांबायच्या आत बाबा उतरले आणि व्हॅनच्या पुढ्यात जाऊन उभे राहिले.

लांबूने करकचून ब्रेक दाबला. हातभर अंतर राहिलं. त्याने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "काका! ब्रेक तुम्हीच केलेत म्हणून काय असे पुढ्यात उभे राहणार?"

"गाडी बंद कर. सगळ्यांना उतरव."

"ठिपके आहेत ना, काका! मी रोज बघतो!"

"उतरव."

"ओ आजोबा, घरी पोरं आहेत आमची," आतून एकजण ओरडली. "सकाळपासून उभं राहून पायांचे तुकडे पडलेत." बाबांनी दोन्ही हात बंपरवर ठेवले. त्र्याऐंशी वर्षांच्या माणसाला ढकलायचं कुणी? लांबूने कपाळावर हात मारला आणि गाडी बंद केली. बायका कुरकुरत उतरल्या.

मागचं डावं चाक ठीक होतं. मी "पाचही घट्ट" असं म्हटलं तेव्हा लांबू विजयी मुद्रेने सगळ्यांकडे बघायला लागला. मी उजवीकडे गेले.

तिथे चारच नट होते. पाचव्याच्या जागी नुसता आट्यांचा बोल्ट बाहेर आलेला, नट कधीच रस्त्यात कुठेतरी पडून गेला होता. उरलेल्या चारांतला पहिला मी धरला आणि तो बोटांनी फिरला. दुसराही फिरला. तिसऱ्याला थोडा जोर लावावा लागला. चौथा तेवढा बसलेला होता.

लांबू मटकन पायरीवर बसला. "सकाळी यांना घेऊन पुलावरून आलोय मी," तो म्हणाला, आणि तेच पुन्हा म्हणाला.

मी पाना लावला. बाबांनी माझं मनगट धरलं.

"हे मी केलंय," ते बायकांना म्हणाले. "रंग दिला आणि आवळायचं विसरलो. लांबूची चूक नाही, रस्त्याचीही नाही."

"असू दे हो, काका," लांबू म्हणाला. "वाचलो ना सगळे."

"असू द्यायचं नाही. या इकडे. हात लावून बघा."

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मघाशी पोरांचं बोललेली पुढे आली, वाकली, पहिला नट धरला. तो फिरला तसा तिने चटका बसल्यासारखा हात मागे घेतला आणि बाबांकडे बघितलं. बाबा तिच्या नजरेला नजर देऊन उभे होते. ती बाजूला झाली. मग दुसरी आली. एकीने शिवी घातली. एकजण रडली. एका म्हातारीने नट फिरवून बघितला आणि त्याच हाताने बाबांचा दंड धरून उभी राहिली, कारण ते आता कलायला लागले होते.

मी पाना हातात धरून खाली बसले होते. मला ते बघवत नव्हतं. मला वाटत होतं, पुरे करा आता, आवळू द्या मला आणि घरी चला. पण बाबांनी नवव्या बाईचा हात लागेपर्यंत मला पाना लावू दिला नाही.